सदतीस नंबरचा दिवा

माझी सून म्हणते, "आई, तुम्ही आधी बोलता आणि मग विचार करता." साफ खोटं. मी नंतरही विचार करत नाही. अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली पहिली अठरा बोर्डावर. तिथे विचार करत बसायला सवड कोणाला होती? समोर दिवा लागला की त्या नंबरच्या भोकात दोरी खुपसायची, "नंबर प्लीज" म्हणायचं, जोडून द्यायचं आणि पुढच्या दिव्याकडे वळायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला, याला लोक दुर्गुण म्हणतात. आमच्याकडे त्यावर बढती मिळायची. आता हे सांगताना मान वर करवत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते, ही गोष्ट माझ्या शहाणपणाची नाही.

निवृत्त झाल्यावर सात-आठ वर्षं मी घरच्यांचं डोकं खाल्लं. शेवटी मुलाने वाचनालयातला एक कागद आणून फ्रिजवर चिकटवला. 'आपल्या गल्लीचा इतिहास आपणच लिहू या. नवशिक्यांसाठी वर्ग, दर शनिवारी चार वाजता.' "जा आई, तिथे तुझं ऐकून घेणारी माणसं मिळतील," म्हणाला. अगदी बापावर गेलाय.

वर्ग म्हणजे वाचनालयाच्या तळमजल्यावरची खोली. भिंतीला वर्तमानपत्रांचे गठ्ठे, मधे एक लांब टेबल, एक पाय डुगडुगणारा, त्याखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टरीची घडी. ती बघून मला बरं वाटलं होतं. आम्ही सातजण आणि शिकवायला ग्रंथपाल बाई. पस्तिशीच्या, काडीसारख्या, आवाज असा की पुढच्या खुर्चीवर बसूनही कान टवकारावे लागत. बोर्डावर असत्या तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं. त्यांनी फळ्यावर चार गोष्टी लिहिल्या. सुरुवात आपल्या दारापासून करा. प्रत्येक वाक्यापुढे लिहा, हे कोणी सांगितलं आणि त्याने ते स्वतः पाहिलं होतं का. सांगितलेलं कागदाशी ताडून बघा. आणि ज्याच्याबद्दल लिहिताय त्याचं कोणी हयात असेल तर सगळ्यात आधी त्याच्याकडे जा.

मी चारही वहीत उतरवून घेतल्या आणि वही मिटली. मनात म्हटलं, पोरी, तुझ्या जन्माआधीपासून मी या गावाच्या कानात बसलेली आहे. मला तू शिकवणार?

विषय शोधायला लागलाच नाही. आमच्या गल्लीत एकच मोठी गोष्ट घडली आहे, चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची आग. गल्लीच्या टोकाला आता जिथे गाड्या लावतात तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तो पेटला. बंब आला तोवर छप्पर खाली बसलं होतं आणि शेजारची दोन घरंही गेली. जीव कोणाचा गेला नाही, पण चाळीस माणसांचं काम गेलं. आणि हे सगळं झालं चौकीदारामुळे. तो खुर्चीत झोपला होता. सगळी गल्ली हेच सांगते.

त्या चौकीदाराला मी पाहिलेलं आहे. आगीनंतर दोन वर्षांनी लग्न होऊन मी या गल्लीत आले, तेव्हा त्याला सगळे कुंभकर्ण म्हणायचे. नोकरी गेलेली, बायको आधीच वारलेली, पदरी एक मुलगी. उंच, खांदे पडलेला, उजव्या हाताच्या पंजावर भाजल्याचा गुळगुळीत डाग. सकाळी सायकलवरून जायचा तेव्हा पोरं ओरडायची, "कुंभकर्ण उठला रे!" तो वळूनही बघायचा नाही. कोणाशी एक अक्षर बोलायचा नाही. समोर आलं की मान हलवायचा, बस्स. मी जाऊबाईंना म्हणायची, "खाई त्याला खवखवे. कोणत्या तोंडाने बोलेल?" हे मी म्हणायची. दुसरं कोणी नाही, मी.

त्याची मुलगी म्हणजे आमच्या गल्लीतली शिवणवाली. गेली सव्वीस वर्षं माझे कपडे तीच शिवते. बापाला तिनेच सांभाळलं. म्हातारपणी तो दुकानाच्या आतल्या बाजूला पडद्यामागे बसून बटणं लावायचा, काजं करायचा. अकरा वर्षांपूर्वी गेला. त्याच्या मर्तिकाला आमच्या घरातून कोणी गेलं होतं का, ते मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे गेलंच नसणार.

आगीत माझा स्वतःचाही एक वाटा होता. मी तेव्हा बावीस वर्षांची, गावाच्या पलीकडच्या टोकाला माहेरी राहत होते आणि त्या दिवशी बोर्डावर माझीच पाळी होती. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आमचा कुत्रासुद्धा ती सुरू झाली की उठून जायचा. वाढदिवसाला, बारशाला, दवाखान्याच्या रांगेत, शिवणवालीकडे माप देताना, कुठे म्हणून सोडली नाही. ती अशी:

"सुट्टीचा दिवस. जोडीदारीण जेवायला गेलेली, बोर्डावर मी एकटी. त्यात लागला सदतीसचा दिवा. सदतीस म्हणजे पोस्टाच्या भिंतीवरचा सार्वजनिक फोन. तिथून एक मेला आम्हा मुलींना रोज छळायचा. फोन उचलायचा आणि नुसता श्वास घ्यायचा, शब्द नाही. आम्ही त्याचं नाव ठेवलं होतं मौनीबाबा. पण त्या दिवशी त्याने कहर केला. पाव तासात तीनदा! आणि नुसता श्वास नाही, वर हे असं," इथे मी टेबलावर तीन बोटं वाजवून दाखवायची, टकटकटक, टकटकटक. "तिसऱ्यांदा मी म्हटलं, का रे, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? जा, आधी आईला विचारून ये काय बोलायचं ते! आणि ओढली दोरी. तर अर्ध्या-पाऊण तासाने बघते, अख्खा बोर्ड दिव्यांनी पेटलेला. आग, आग! सहा तास घोटभर पाणी न पिता मी जोडत होते."

लोक हसायचे. मौनीबाबावर हसायचे आणि मग माझ्या सहा तासांवर "वा!" म्हणायचे. मला दोन्ही हवं असायचं.

तर मी कामाला लागले. आधी वर्गातल्याच म्हाताऱ्या कंपाउंडरला धरलं. तो म्हणाला, "झोपला होता. घोरत होता म्हणे." मी लिहिलं, घोरत होता. दूधवाला म्हणाला, "दारू प्यायलेला होता." दूधवाल्याचा जन्म आगीनंतरचा आहे, पण सांगत इतक्या खात्रीने होता की मी लिहिलं. जाऊबाई म्हणाल्या, सासूबाई सांगायच्या की त्याला हलवून उठवावं लागलं. कोणी हलवलं ते सासूबाईंनी सांगितलं नव्हतं. मी तेही लिहिलं. सुनेने कॉम्प्युटरवर टाइप करून दिलं. वर ठळक मथळा, 'एका डुलकीने जळलेला कारखाना'. खाली शेवटच्या परिच्छेदात मी, हेडफोन लावून, तहानलेली.

ग्रंथपाल बाईंनी वाचलं. "ताई, घोरताना कोणी ऐकलं?"

"सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"माहीत आहे, हो. पण ऐकलं कोणी?"

मी कंपाउंडरकडे बघितलं. तो खाकरला. "मी तेव्हा मामाकडे गेलो होतो. आठवड्याने आलो."

"त्यांच्या घरचं कोणी आहे?" बाईंनी विचारलं.

"मुलगी आहे. पण ती काय सांगणार? ती तेव्हा सात वर्षांची होती," मी म्हटलं. आवाज चढलाच माझा. "बाई, मी स्वतः त्या दिवशी ड्युटीवर होते. माझ्याहून जास्त कोणाला माहीत असणार?"

बाई मवाळ. "बरं, कच्चा खर्डा म्हणून लावू या, पुढे सुधारू," म्हणाल्या आणि इतर सहाजणांच्या कागदांबरोबर माझाही कागद वाचनालयाच्या भिंतीवर लागला. मी रोज संध्याकाळी जाऊन कोण कोण वाचतंय ते बघून यायची. या वयात!

चौथ्या दिवशी शिवणवालीकडे ड्रेस आणायला गेले. ती दातांनी दोरा तोडत होती. ड्रेसची घडी घालताना म्हणाली, "काकू, वाचनालयातला तुमचा कागद वाचला."

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "हो का? कसा वाटला?"

तिने घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "छान लिहिता तुम्ही. बाबा झोपले नव्हते पण."

तेव्हा तरी मी गप्प बसायचं ना. नाही! मी म्हटलं, "अगं, तू तेव्हा एवढीशी होतीस. आणि लेकीला कधी बापाची चूक दिसते का?"

तिने ड्रेस पिशवीत घातला. "बाही जरा सैल ठेवली आहे. घालून बघा," एवढंच म्हणाली. मी पिशवी उचलली आणि रस्ताभर धुमसत आले. मला खोटी म्हणते? मला? दाखवतेच हिला कागद, म्हटलं. ग्रंथपाल बाईंनाही दाखवते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जिच्याकडे आधी जायचं होतं, तिला गप्प करण्यासाठी मी कागद शोधायला निघाले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता अग्निशमन केंद्रात हजर. तिथला कारकून पंचविशीचा. "बोला आजी, कुठे लागली?"

"आजी तुझ्या घरी. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी लागली, ती बघायची आहे."

बिचारा भला होता. मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून त्याने वर्द्यांची जुनी रजिस्टरं काढली. आगीची खबर तिथे पोचली की तिला वर्दी म्हणतात. किती वाजता आली, कोणी दिली, बंब कधी निघाला, सगळं एका ओळीत लिहितात. धूळ झटकत, पानं उलटत आम्ही त्या तारखेवर आलो. शाई पिवळट झाली होती, पण अक्षर सुबक होतं. माझा चष्मा धुरकट होता म्हणून मी त्यालाच म्हटलं, "मोठ्याने वाच बाबा."

त्याने वाचलं. "वेळ तीन पस्तीस. खोक्यांचा कारखाना. वर्दी देणारा, तेथील चौकीदार, समक्ष, सायकलवरून. बोलता येईना, पाटीवर लिहून दिले. कारखान्याच्या फोनला मालकाचे कुलूप असल्याने पोस्टाच्या फोनवरून तीनदा प्रयत्न केला, जोडून मिळाला नाही, असे लिहितो. उजवा हात भाजलेला." मग तो मान वर करून म्हणाला, "बोलता येईना म्हणजे? मुका होता का, आजी?"

टेबलाच्या कडेवर माझा हात होता आणि ती तीन बोटं, जी मी चव्वेचाळीस वर्षं वाजवून दाखवत आले, ती तशीच जुळलेली होती. पोस्टाचा फोन. तीनदा. श्वास. टकटक. कारखाना का वाचला नाही ते शोधायला मी गल्लीभर हिंडले आणि ते माझ्याच तोंडात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दर वाढदिवसाला मी तेच सांगत होते आणि लोक हसत होते.

कारकुनाने पाणी आणून दिलं. मोबाइलवर त्या पानाचा फोटोही काढून दिला. मी घरी कशी आले ते सांगता येणार नाही.

आता इथे एखादी चांगली बाई असती तर काय केलं असतं? मी आठ दिवस काहीच केलं नाही. जेवले, झोपले, टीव्ही बघितला. फक्त भिंतीवरचा कागद काढून आणला, "सुधारायचा आहे" म्हणून. ग्रंथपाल बाईंना रजिस्टरचा फोटो दाखवला तर त्या हरखल्याच. "ताई, केवढं मोठं काम केलंत! चाळीस वर्षांचं बालंट पुसलंत तुम्ही." मी तिथे उभी राहून ते कौतुक ऐकून घेतलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ऐकून घेतलं.

मग सुनेला नवा मजकूर सांगायला बसले. "चौकीदार झोपलेला नव्हता. त्याने पोस्टावरून तीनदा फोन केला, परंतु फोन लागला नाही."

तिची बोटं कीबोर्डवर थांबली. "आई, लागला नाही म्हणजे? बोर्डावर तर तुम्हीच होतात ना?"

"चहा टाक जरा," मी म्हटलं.

ती उठली नाही. तिला ती गोष्ट माझ्याइतकीच पाठ आहे. तिने हळूच टेबलावर तीन बोटं वाजवली. टकटकटक. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"अगंबाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण आई, लिहायलाच हवं का? 'लागला नाही' म्हटलं तरी त्यांचं नाव साफ होतंच की. तुम्हाला काय माहीत होतं? तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

मला ते ऐकायचं होतं. कोणी तरी म्हणावं म्हणूनच मी तिला टाइप करायला बसवलं होतं, नाहीतर माझं अक्षर काही वाईट नाही. मी म्हटलं, "बरोबर बोलतेस. तसंच राहू दे." जनाची नाही तर मनाची तरी म्हणतात, ती माझ्याकडे तेवढ्यापुरती नव्हती.

शनिवारी वर्गात मी तो कागद वाचून दाखवला. सगळे ऐकत होते. कंपाउंडर मात्र मान हलवत होता, आडवी.

"फोन केला असं तो तेव्हाही म्हणत होता," तो म्हणाला. "म्हणजे लिहून देत होता. पण ते खोटं ठरलं ना. मालकाने एक्स्चेंजला पत्र लिहून विचारलं. एक्स्चेंजने लेखी कळवलं, की पोस्टाच्या फोनवरून आगीचा एकही कॉल आलेला नाही. ते पत्र मालकाने फाटकावर डकवलं होतं. मामाकडून आलो त्याच दिवशी मी वाचलं. स्वतः, या डोळ्यांनी! त्यावरच तर त्याला काढला. आणि झोपला होता हे तेव्हापासून लोक बोलायला लागले. फोन केला नाही, मग करत काय होता? तर झोपला होता."

"म्हणजे फोनचं बंबवाल्यांकडेही त्याने खोटंच लिहून दिलं असेल?" कोणीतरी विचारलं.

"एक्स्चेंजची सही होती त्यावर. सरकारी कागद तो," कंपाउंडर म्हणाला.

ग्रंथपाल बाई माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही तेव्हा तिथेच होतात. अशी काही चौकशी झालेली आठवते?"

तोपर्यंत आठवत नव्हती, शपथेवर सांगते. त्यांनी विचारलं आणि आठवली. सुपरवायझर बाई दाराशी उभ्या, हातात कागद. "अगं, सुट्टीच्या दिवशी सदतीसवरून आगीचा कॉल होता का?" मी म्हटलं, "नाही." मौनीबाबाचं सांगितलं नाही, कारण तसले कॉल तक्रारवहीत लिहायचा नियम होता आणि मी कंटाळा करून लिहिले नव्हते. लिहिले नाहीत म्हणून बोलणी बसली असती. म्हणून नुसतं "नाही". त्यांनी कागद पुढे केला, मी हेडफोन न काढता सही केली आणि पुढच्या दिव्याकडे वळले. एका माणसाचं अख्खं आयुष्य त्या सहीखाली गेलं आणि मला ती आठवायला चव्वेचाळीस वर्षं लागली.

"ताई?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"सांगते. पण आधी मला दुसऱ्या कोणाला सांगायचं आहे," मी म्हटलं. वर्गात पहिल्यांदाच मी इतकं कमी बोलले असेन. कंपाउंडरने घड्याळ बघितलं.

त्या दिवशी घरी जाऊन मी सुनेला न बोलावता, स्वतःच्या हाताने लिहिलं. चार वेळा फाडलं. दर वेळी 'मला कल्पना नव्हती' हे वाक्य मधे येऊन बसायचं. शेवटी ते काढूनच टाकलं.

रविवारी दुपारी शिवणवालीचं दुकान बंद असतं, पण ती आत असते. अर्धं शटर वर होतं. मी वाकून आत गेले. मशीनवर कोणाचा तरी लांबलचक परकर पसरलेला, जमिनीवर चिंध्या. मला बघून ती म्हणाली, "ड्रेस घट्ट झाला का?"

"नाही. ड्रेस नाही. तुला काही वाचून दाखवायचं आहे. भिंतीवर लावण्याआधी."

तिने स्टूल पुढे सरकवलं. मी उभीच राहिले. वाचलं, "या कारखान्याचा चौकीदार झोपलेला नव्हता. आग दिसताच त्याने पोस्टाच्या फोनवरून एक्स्चेंजला तीन वेळा फोन केला. फोन तिन्ही वेळा लागला. तो मी घेतला. चौकीदाराच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्रास देणारा माणूस समजून मी त्याला टाकून बोलले आणि दोरी काढली. नंतर चौकशीत असा कॉल आलाच नाही, असं मी सही करून दिलं. त्या सहीवर त्याची नोकरी गेली. सांगणारी, तेव्हाची टेलिफोन ऑपरेटर. स्वतः ऐकलेलं."

मी थांबले. कागदाची घडी घातली. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला हाकलून देईल. मी दोन्हींसाठी तयार होऊन आले होते. माफी मागायची वाक्यंसुद्धा जुळवून आणली होती.

तिने सुई पिनकुशनमध्ये खोचली. "बाबांचा शब्द अडायचा," ती म्हणाली. "घाबरले की जास्तच. मग ते बोटं वाजवायचे, शब्द सुटेपर्यंत. आगीनंतर बोलणं सोडूनच दिलं. माझ्याशी बोलायचे थोडं. दिवे मालवल्यावर."

"मला माफ कर गं. मला आता कुठे..."

"मला केव्हाच कळलं होतं, काकू."

"कधी?"

"तेवीस वर्षं झाली. तुम्ही कोटाचं माप द्यायला आला होतात. दुकानात चार बायका होत्या. तुम्ही मौनीबाबाची गोष्ट सांगितलीत आणि या टेबलावर तीन बोटं वाजवून दाखवलीत." ती टेबलाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "सगळ्या हसल्या. मीही हसले. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, ही सवय. हसता हसताच कळलं मला. पण तोंड मिटायला उशीर झाला."

माझी नजर पडद्याकडे गेली. दुकानाच्या मागचा निळा पडदा, तोच असेल.

"हो," ती म्हणाली. "आत होते. बटणं लावत होते. तुमची गोष्ट संपली आणि पडद्यामागून टकटक सुरू झाली. बराच वेळ चालली होती. तुम्ही विचारलंत, आत कोण आहे गं? मी म्हटलं, कोणी नाही, मशीनवाला मशीन दुरुस्त करतोय."

मला ते आठवत नव्हतं. तिला शब्दन् शब्द आठवत होता.

"मग थांबली टकटक. त्यानंतर ते माझ्याशीही बोलले नाहीत फारसं. मी तुम्हाला कधी विचारलं नाही, कारण मग मलाही कोणी विचारलं असतं ना, की तू का हसलीस म्हणून." तिने मशीनवरचा परकर बाजूला केला, टेबल मोकळं केलं. "हेही लिहा त्यात."

मी वही काढली. पेन उघडलं. चारचौघांत कधी शब्दाला मोताद झाले नाही ती मी, एक अक्षर उमटेना माझ्याच्याने.

ती वाट बघत होती. "लिहा ना, काकू. कोणी सांगितलं, स्वतः ऐकलं होतं का, सगळं लिहा. आता का तोंडात मिठाची गुळणी धरलीत?"

मी खाली बसले आणि लिहायला घेतलं.